संगणक कक्षाची नोंदवही

स्मरणिका समितीने मला 'संगणक कक्षाची वाटचाल' असा विषय दिला तेव्हा दोन पानांत काम भागेल असे वाटले होते. कोणत्या साली किती यंत्रे आली, देणगी कुणी दिली, फीत कुणी कापली, एवढे लिहिले की झाले. ती यादी कार्यालयात आहे आणि या अंकाच्या शेवटी अहवालात येणारच आहे. पण १९९७ पासून या कक्षाची किल्ली माझ्या खिशात आहे. लिहायला बसण्यापूर्वी जुन्या नोंदवह्या काढल्या. काही २६ जुलै २००५ च्या पुरात गेल्या, उरलेल्यांपैकी निम्म्या २२ जुलै २०२१ च्या पुराने नेल्या. जेवढ्या वाचल्या तेवढ्यांत सहा रकाने आहेत : तारीख, वर्ग, यंत्र क्रमांक, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ आणि शेरा. शेऱ्याचा रकाना वाचू लागलो आणि लेखाचा विषय बदलला.

"यंत्र क्र. ४, माऊस चालत नाही." "गेम खेळताना सापडला, ताकीद दिली." "नको ती साइट, पालकांस बोलावले." आणि एका ठिकाणी माझ्याच अक्षरात : "रडत होती. विचारले. काही नाही म्हणाली."

कक्षाचा एक इतिहास यंत्रांचा आहे. दुसरा, या यंत्रांतून आपल्या मुलांपर्यंत काय पोहोचले आणि त्यांना जपण्यासाठी आपण मोठ्या माणसांनी काय केले, याचा आहे. तो अहवालात येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

आपल्या १९९० च्या तुकडीला संगणक माहीत होता तो सामान्यज्ञानाच्या पुस्तकातला. 'संगणकाचा जनक : चार्ल्स बॅबेज' एवढे पाठ केले की एक गुण मिळायचा. १९८४-८५ पासून केंद्र सरकारची 'क्लास' नावाची योजना निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक देत होती, पण आपल्या शाळेचा त्यात नंबर लागला नाही. आपल्या वेळी मुलांना जपायचे म्हणजे पावसाळ्यात शिवनदीकडे जाऊ द्यायचे नाही आणि एसटी स्टँडमागच्या व्हिडिओ पार्लरकडे फिरकू द्यायचे नाही. त्या पार्लरच्या दाराला मळका निळा पडदा होता. पडद्याआड काय चालते हे ज्याने पाहिले तो सांगत नसे आणि ज्याने पाहिले नाही तो रंगवून सांगत असे. पण एक होते. पार्लरमधून कुणी बाहेर पडला की तो घरी पोहोचण्याआधी बातमी घरी पोहोचायची. समोर पानवाला, शेजारी सायकलवाला, वर बँकेतले काका. आपल्यावर सगळ्या गावाची नजर होती आणि तिचा तेव्हा आपल्याला फार राग यायचा.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. आपल्याकडे ते यायला आणखी पाच-सहा वर्षे लागली. मी बी.एड. करून शाळेत लागलो, तेव्हा माझ्याकडे संगणकाचे कसलेसे प्रमाणपत्र होते. तेवढ्या पात्रतेवर विज्ञानाबरोबर संगणक कक्षही माझ्या गळ्यात पडला. इंटरनेट आले ते कार्यालयाच्या फोनलाइनवर. नेट चालू केले की हेडसरांचा फोन बंद. त्यामुळे नेट किती वेळ वापरले याचा हिशोब मला ठेवावा लागत नसे, तो शिपाईकाकांच्या हाकांवरून कळायचा.

जोडणी एकाच यंत्राला होती, ते माझ्या टेबलावर होते आणि पडदा दाराकडे. मुलांच्या सुरक्षिततेचा विचार वगैरे काही नव्हता, फोनची वायर तेवढीच पुरत होती. चित्र वरून खाली पट्टी-पट्टीने उतरायचे. चुकून नको ते उघडले तर डोके आणि खांदे येईपर्यंत बंद करायला वेळ मिळत असे. त्या काळात मुलांचे सगळ्यात मोठे संरक्षण इंटरनेटच्या मंदपणाने केले, असे मी गमतीने म्हणतो. त्यात गंमत थोडी आणि तथ्य जास्त आहे.

मग सायबर कॅफे आले. बाजारपेठेत एका वर्षात तीन झाले. प्लायवूडचे उभे कप्पे, प्रत्येक कप्प्याला पडदा. व्हिडिओ पार्लरचा तोच पडदा फाडून त्याचे दहा तुकडे केल्यासारखे. फरक असा की आत प्रत्येकजण एकटा होता आणि समोरच्या पानवाल्याला एवढेच दिसे की मुलगा कॉम्प्युटर शिकायला आला आहे. आईवडील तर कौतुकाने पैसे देत.

याच सुमारास मुंबईत एक गोष्ट घडली. तिची आठवण आज कुणी काढत नाही, पण या विषयाच्या इतिहासात तिला मोठे स्थान आहे असे मी मानतो. २००१ मध्ये दोन नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहून सायबर कॅफेंत अल्पवयीन मुलांना अश्लील संकेतस्थळे सहज पाहता येतात, अशी तक्रार केली. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि एक समिती नेमली. २००२ च्या सुरुवातीला समितीचा अहवाल आला. सरसकट साइट बंद करण्याच्या मार्गावर तिने विश्वास ठेवला नाही, आणि ते त्या वेळी धाडसाचे होते. मुलांना इंटरनेटपासून तोडू नका, ते त्यांच्या कामाचे आहे, अशी तिची भूमिका होती. अल्पवयीनांनी बंद कप्प्यात बसू नये, सर्वांना दिसेल अशा मोकळ्या जागेतली यंत्रे वापरावीत आणि त्या यंत्रांवर गाळणी बसवावी, असे तिने सुचवले.

वर्तमानपत्रात त्याची बातमी वाचून मी आपल्या कक्षाची मांडणी बदलली. तोपर्यंत टेबले वर्गातल्या बाकांसारखी एकामागे एक होती. ती भिंतींना लावून घोड्याच्या नालेसारखी केली आणि सगळे पडदे मधल्या जागेकडे वळवले. सुतारकाम निवृत्त कार्यानुभवाच्या सरांनी फुकट करून दिले. आजही मांडणी तीच आहे.

समितीने जे सुचवले त्याच्याशी मिळतीजुळती सक्ती देशभर व्हायला २०११ उजाडले. त्या वर्षीच्या सायबर कॅफे नियमांत कप्प्याची भिंत जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच नको, कप्प्याबाहेरच्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे हवेत आणि पालक सोबत नसतील तर अल्पवयीन मुलांना कप्प्यात बसवू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. साडेचार फूट! हे वाचून मला आपल्या पी.टी.च्या सरांची आठवण झाली. मोजपट्टी घेऊन उंचउडीची काठी लावणारा माणूसच असा नियम लिहू शकतो. नियम चांगलाच होता, पण वरातीमागून घोडे. बाजारपेठेतल्या तीनपैकी दोन कॅफेंत तोवर झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्ज सुरू झाले होते. पडदा मुलांच्या खिशात गेला होता.

मधली काही वर्षे मला सावकाश सांगायची आहेत.

२००४ च्या अखेरीस दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची मोबाईलवर काढलेली चित्रफीत देशभर फिरली आणि एका लिलावाच्या संकेतस्थळावर विक्रीलाही लागली. त्या संकेतस्थळाच्या प्रमुखाला अटक झाली, पुढे खटला चालला, कायद्याच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख असतो. आपल्या शिक्षक खोलीत आठवडाभर तोच विषय होता. चर्चेचे फलित म्हणजे 'शाळेच्या आवारात भ्रमणध्वनी आणण्यास सक्त मनाई आहे' असा फलक. तेव्हा शाळेत एकाही मुलाकडे मोबाईल नव्हता. त्या चित्रफितीतली मुलगी सोळा-सतरा वर्षांची होती. तिचे पुढे काय झाले असेल, असा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नाही. मीही नाही.

त्याच वर्षी जानेवारीत ऑर्कुट सुरू झाले होते. आपल्याकडे त्याचे वेड दोन-तीन वर्षांनी आले. तुमच्यापैकी अनेकजण मला तिथेच पुन्हा भेटलात. पुण्याहून, शारजाहून, न्यू जर्सीहून 'अरे, तूच का तो?' अशी विचारणा व्हायची. शाळेच्या नावाने मी एक समूह उघडला आणि उत्साहाच्या भरात त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचे फोटो टाकले. खाली नावे आणि इयत्ता. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनी खूप वाहवा केली.

वर्ष मुद्दाम सांगत नाही. एका सकाळी नववीतली एक मुलगी कक्षाच्या दाराशी उभी राहिली. तास नव्हता. आत आली, यंत्रासमोर बसली आणि काहीच सुरू केले नाही. वर दिलेला शेरा त्या दिवसाचा आहे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि या वेळी बोलली. कुणीतरी तिच्या नावाने ऑर्कुटवर खोटे खाते उघडले होते. फोटो कोळीनृत्याचा, मी टाकलेल्यांतला. खाली घाणेरडा मजकूर आणि घरचा लँडलाइन नंबर. दुपारी फोन येत, ती किंवा तिची आजी उचले आणि पलीकडून कुणीतरी काहीबाही बोले.

मी काय केले? आधी तो सगळा समूह काढून टाकला, म्हणजे माझी चूक झाकली. मग तिला म्हणालो, "घाबरू नकोस, मी बघतो." आणि त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांना शाळेत बोलावले. तेव्हा मला यापेक्षा जबाबदारीचे दुसरे काही सुचले नाही. वडील गप्प बसून ऐकत होते. निघताना त्यांनी माझे आभार मानले. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. महिन्याभराने दाखला नेला. दहावी तिने मामाच्या गावी राहून केली आणि शिक्षण तिथेच थांबले.

खाते कुणी उघडले होते ते नंतर कळले. परका कुणी नव्हता, शाळेतूनच वर्षभरापूर्वी बाहेर पडलेला मुलगा होता. नंबर वर्गाच्या फोनयादीतून घेतलेला. त्याच्या वडिलांनी येऊन हात जोडले आणि प्रकरण मिटवण्यात आले. सायबर पोलीस म्हणजे तेव्हा मुंबई-पुण्याची गोष्ट. तो मुलगा पुढे पदवीधर झाला, त्याचे चांगले चालले आहे. कदाचित तो हा लेख वाचेल.

गेल्या वर्षी या मेळाव्याच्या निमित्ताने पत्ते गोळा करताना तिचा नंबर मिळाला. लिहू का, असे विचारायला फोन केला. तिने शांतपणे ऐकले. 'लिहा, पण ओळख पटेल असे काही नको,' म्हणाली. मी क्षमा मागितली. तिला वाटले मी फोटोंबद्दल बोलतो आहे. "फोटोंचं नाही हो सर," ती म्हणाली. "तुम्ही बाबांना सांगण्याआधी मला विचारलं नाहीत. मी तुम्हाला सांगितलं होतं, बाबांना नाही."

इतक्या वर्षांत या विषयावर मी अनेक शिबिरे केली, पुस्तिका वाचल्या, प्रमाणपत्रे भिंतीला लावली. कोणत्याही वक्त्याने मला हे सांगितले नव्हते.

ती मुलगी आज माझ्यासमोर उभी राहिली असती तर कायद्याने माझे हात अधिक बळकट असते, आणि बांधलेलेही असते. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात मुलांसाठी वेगळे असे काही नव्हते. २००८ च्या दुरुस्तीने त्यात ६७-ब हे कलम आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. मुलांचे अश्लील चित्रण करणे, पसरवणे, एवढेच काय पण लैंगिक हेतूने मुलांना ऑनलाइन ओळखीत ओढणे हाही त्यात गुन्हा ठरला. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, पोक्सो कायदा लागू झाला. त्यानुसार मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचे ज्याला कळते त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. म्हणजे आज कुणी मूल रडत आले तर 'हे आपल्या दोघांतच राहील' असे वचन मी देऊ शकत नाही, आणि देऊही नये. पण आता मी कुणाकडे जाणार, काय सांगणार, घरी कुणाला आधी कळलेले तुला बरे वाटेल, आईला की आजीला की मावशीला, आणि तू सोबत असावेस की नसावेस, हे तिला विचारायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे मी तेव्हा दिली नाहीत.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. कक्षातल्या यंत्रांकडे मुले दयेने पाहू लागली. पुढच्याच वर्षी 'ब्लू व्हेल' आले. २०१७ च्या जुलैअखेर अंधेरीतल्या एका चौदा वर्षांच्या मुलाचा दुर्दैवी मृत्यू झाला आणि त्याचा संबंध या तथाकथित खेळाशी लावला गेला. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने समाजमाध्यमांना त्याचे दुवे काढण्याचा आदेश दिला. आपल्याकडेही पालकसभा भरली, सभागृह ओसंडले. आम्ही शिक्षक रोज सकाळी मुलांचे हात तपासत होतो, कुणी माशाचे चित्र कोरले आहे का म्हणून! पाचवीतली पोरे आदल्या दिवशी पेनाने मासे काढून येत आणि तपासणीची मजा घेत. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की तपासलेल्या घटनांपैकी एकीतही या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. ही बातमी आतल्या पानावर आली आणि तिच्यासाठी कुणी पालकसभा भरवली नाही.

त्याच दिवसांत आठवीच्या काही मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. वर्गातल्या एका तोतऱ्या मुलाच्या बोलण्याचे आवाज त्यावर टाकून ते हसत. तो मुलगा दोन महिने मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसून राही. आम्ही त्याचेही हात तपासले होते. मासा नव्हता, म्हणून पुढे सोडले.

मुलांसाठी वाटणारी भीती मोठ्यांच्या मोबाईलवर काय करू शकते हे पुढच्या वर्षी आपल्या राज्याने पाहिले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी जमावाने पाच जणांना ठार मारले. सोलापूर जिल्ह्यातून आलेले, भिक्षा मागून जगणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश मोबाईलवरून पसरले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. तसलेच संदेश त्या उन्हाळ्यात आपल्या तुकडीच्या ग्रुपवरही आले होते, 'सावध राहा, आपल्या मुलांना जपा' या मथळ्याखाली. मी त्यातला एक शिक्षकांच्या ग्रुपवर पुढे पाठवला होता. हेही त्या शेऱ्याच्या रकान्यात असायला हवे.

करोनाची दोन वर्षे थोडक्यात उरकतो, कारण ती सर्वांनीच भोगली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्या मोबाईलवर आपण बंदीचा फलक लावला होता तो आणा, म्हणून आम्हीच पालकांच्या मागे लागलो. वर्गाची लिंक बाहेर गेली आणि एका तासाला भलतीच माणसे शिरून बाईंशी वाह्यात बोलली. बाईंनी कॅमेरा बंद केला, डोळे पुसले आणि धडा पुरा केला. केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शिकेत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास घ्या, असे होते. कागदावर ते पाळले गेले, पण उरलेला दिवस फोन मुलाच्याच हातात राहिला. पुढच्या वर्षी पूर आला, कक्षातली बारा यंत्रे चिखलात गेली. त्या आठवड्यात मुलांनी शाळा धुतली. मोबाईल सगळ्यांचे भिजलेले. एवढ्या हसऱ्या आवाजाची शाळा मी बऱ्याच दिवसांनी ऐकली.

२०२२ मध्ये शासनाने शाळाशाळांत सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा निर्णय काढला. तक्रारपेटी त्याआधीपासून होती. कार्यालयाच्या दाराशी, लाल रंगाची, कुलूपबंद. तिच्यात चार वर्षांत दोन चिठ्ठ्या निघाल्या, दोन्ही स्वच्छतागृहातल्या नळाबद्दल. सगळ्यांच्या देखत पेटीत चिठ्ठी टाकणे म्हणजे मला काहीतरी झाले आहे असे जाहीर करणे, हे आम्हाला उमगायला वेळ लागला. मराठीच्या बाईंनी युक्ती काढली. महिन्यातून एकदा वर्गातल्या प्रत्येकाला कागदाचा चतकोर द्यायचा. प्रत्येकाने लिहायचेच, नाव घालायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवायचे. सांगण्यासारखे काही नसेल तर काल रात्री काय जेवलात ते लिहा. साठ मुलांच्या वर्गात पन्नास-पंचावन्न चिठ्ठ्यांवर आमटी-भात, मॅगी, सुकटीची चटणी. आणि मधेच : "एक माणूस गेममध्ये डायमंड देतो आणि फोटो मागतो." "दादा माझ्या मोबाईलवर घाण बघतो आणि मला दाखवतो." "मी एकाला फोटो पाठवला आहे. आता तो पैसे मागतो. आईला कळलं तर माझी शाळा बंद होईल."

शेवटची चिठ्ठी मी तीनदा वाचली. एवढ्या वर्षांनंतर तेच वाक्य.

त्या चिठ्ठीवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव होते. या वेळी आधी तिला विचारले. तिने मोठ्या बहिणीचे नाव घेतले. बहीण आली, मग तिघांनी मिळून आईला सांगितले. पैसे दिले नाहीत, संभाषण पुसले नाही, त्या माणसाचे खाते आणि संदेश जसेच्या तसे जपून पोलिसांकडे गेलो. आज १९३० हा सायबर फसवणुकीचा मदतक्रमांक आहे, केंद्राच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली. ती आता सरकार चालवते आणि तिथे मूल स्वतः फोन करू शकते. 'टेक इट डाउन' नावाची एक सोयही आहे. १८ वर्षांखाली असताना काढलेला उघडा फोटो पसरण्याची भीती असेल तर तो कुणालाही न पाठवता आपल्याच फोनवर त्याचा अंकीय ठसा तयार होतो. फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि जुळणारे चित्र त्यांना काढता येते. व्हॉट्सॲपसारख्या बंद संदेशांत तिचा उपयोग होत नाही. हे सगळे मुलांना सांगताना मी तेही सांगतो, कारण खोटा दिलासा मुलांना लगेच कळतो.

ती मुलगी यंदा दहावीला आहे. वर्गात बोलते, मार्क बेताचेच आहेत.

घरांबद्दल थोडे. 'संगणक दिवाणखान्यात ठेवा' असा सल्ला पुस्तिकांत असतो. आपल्या निम्म्या मुलांच्या घरी खोली एकच आहे. तिथे सगळे उघड्यावरच चालते, तरी तळहाताएवढ्या पडद्यावर काय आहे ते शेजारी झोपलेल्या आईला दिसत नाही. एका सभेत मासे विकणाऱ्या एका आईने विचारले, "सर, मला वाचायला येत नाही. मी पोराचा मोबाईल तपासू कशी?" मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात मागून एक आजी म्हणाल्या, "तपासतेस कशाला? त्यालाच शिकव म्हणावं." पुढच्या सभेला ती आई आली तेव्हा तिला आवाजी संदेश पाठवता येत होता. मुलगा रोज रात्री अर्धा तास शिकवतो, म्हणाली. त्या अर्ध्या तासात त्याला येणारे संदेश तीही ऐकते. कुणाचे आहेत असे तिने विचारले की तो सांगतो, कधी चिडून, कधी न चिडता.

आता फोटो चोरावाही लागत नाही. साध्या गणवेशातल्या फोटोवरून यंत्र हवे ते चित्र बनवून देते. म्हणून शाळेच्या पानावर मुलांचे चेहरे टाकणे आम्ही थांबवले आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली. आम्ही पालकांच्या सहीखाली मुलाच्या सहीसाठीही एक रेघ ठेवली आहे. कायद्यात ती नाही.

यावरून समितीशी माझे थोडे वाजले. स्नेहसंमेलनाच्या पानासाठी त्यांना एक जुना, सुंदर फोटो हवा होता. कोळीनृत्य, आठ मुली, मागे रंगवलेले जहाज. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिलेला आहे. तो मी एकदा सगळ्या जगाला दाखवला होता. मी म्हणालो, आठही जणींना विचारू. सात जणींनी लगेच 'हो' म्हटले, दोघींनी तर मोठ्या आकारात छापा म्हणून सांगितले. आठवीने दोन दिवस घेतले आणि 'नको' असे कळवले. त्यामुळे त्या पानावर मैदानातल्या वडाचे छायाचित्र आहे.